शब्दचर्चा : पक्ष ‘विलीन’ होतात की ‘एक’ होतात? (कॅनडा, २००३)

शब्दवेल्हाळ
भाषांतरासाठी वाक्य असं आहे : कॅनेडियन अलायन्स आणि प्रोग्रेसिव्ह कन्झर्व्हेटिव्ह या दोन प्रतिस्पर्धी पक्षांचा मिळून डिसेंबर २००३ मध्ये कन्झर्व्हेटिव्ह पार्टी ऑफ कॅनडा हा एकच पक्ष झाला. या क्रियेला विलीनीकरण म्हणावं, विलय, एकत्रीकरण की ऐक्य? दुसरं, ‘प्रोग्रेसिव्ह कन्झर्व्हेटिव्ह’चं ‘पुरोगामी पुराणमतवादी’ केलं तर वाचक तिथेच अडखळतो. काय करावं?

उत्तररंग
आधी सोपा भाग. हे नाव भाषांतरित करू नका. १९४२ साली मॅनिटोबा प्रांताचे प्रीमियर (म्हणजे मुख्यमंत्री) जॉन ब्रॅकन कन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे नेते व्हायला तयार झाले ते पक्षाच्या नावात ‘प्रोग्रेसिव्ह’ घालण्याच्या अटीवर. त्यांची परंपरा १९२० च्या दशकातल्या प्रोग्रेसिव्ह पक्षाची, म्हणजे प्रामुख्याने शेतकऱ्यांच्या राजकारणाची. त्या शब्दामागे एका पक्षाची आठवण आहे. आपल्याकडे ‘पुरोगामी’ म्हटलं की फुले-शाहू-आंबेडकर डोळ्यांपुढे येतात, त्याचा इथे काही संबंध नाही. ‘पुरोगामी पुराणमतवादी’ लिहिलं तर मूळ नावात नसलेला विनोद आपण त्यात घालतो. देवनागरीत नाव तसंच ठेवा आणि पहिल्या उल्लेखात एका वाक्यात खुलासा करा.

‘हुजूर पक्ष’ हा मराठी वृत्तपत्रांनी ब्रिटनच्या कन्झर्व्हेटिव्हांसाठी रुजवलेला सुंदर शब्द आहे, ‘मजूर पक्षा’शी यमक जुळवणारा. हुजूरपागेतला ‘हुजूर’ तोच, म्हणजे धनी, सरकार. राजनिष्ठ टोरी परंपरेला तो शोभतो, म्हणून प्रोग्रेसिव्ह कन्झर्व्हेटिव्हांना एकवेळ चालेल. पण रिफॉर्म पक्षाला, म्हणजे अलायन्सच्या आधीच्या अवताराला, अजिबात नाही. १९८७ मध्ये प्रेस्टन मॅनिंग यांच्या नेतृत्वाखाली निघालेला तो पक्ष पश्चिमेकडच्या प्रांतांचा होता, आणि राजधानी ओटावातल्या प्रस्थापितांवरचा राग हेच त्याचं भांडवल. त्याला ‘हुजूर’ म्हणणं म्हणजे अर्थ उलटा करणं. दोन्ही पक्षांना एकत्र ‘दोन हुजूर पक्ष’ लिहिलंत, तर ते इतकी वर्षं भांडत का होते तेच वाचकाला कळणार नाही. एकत्र उल्लेखासाठी ‘उजवे पक्ष’ पुरेसं आहे.

कायदेकानू
मूळ प्रश्नाकडे येतो. ‘विलीनीकरण’ चालेल, पण गडबड होते ती विभक्तीत.

‘विलीन होणे’ या क्रियापदाला मराठीत सप्तमी लागते : नदी सागरात विलीन होते, संस्थान भारतात विलीन झालं. लहान वस्तू मोठ्या वस्तूत विरघळते, आणि मोठी वस्तू पूर्वी होती तशीच राहते. १९८६ मध्ये शरद पवारांची समाजवादी काँग्रेस काँग्रेसमध्ये विलीन झाली, तिथे हे क्रियापद चपखल बसतं, कारण उरली ती काँग्रेस.

कॅनडात तसं घडलं नाही. तिथल्या निवडणूक कायद्यात पक्षांच्या विलीनीकरणाची स्वतंत्र तरतूद आहे. दोन किंवा अधिक नोंदणीकृत पक्षांचे नेते मुख्य निवडणूक अधिकाऱ्याकडे संयुक्त अर्ज करतात आणि सोबत प्रत्येक पक्षाने विलीनीकरणाला मंजुरी दिल्याचा ठराव जोडतात. निवडणुकीचा आदेश निघण्याच्या आधीचे ३० दिवस आणि तिथून मतदानाच्या दिवसापर्यंत असा अर्ज करता येत नाही. नोंदणी झाली की नवा पक्ष हा जुन्या *प्रत्येक* पक्षाचा उत्तराधिकारी ठरतो. मालमत्ता त्याची, देणी त्याची, जुन्या हिशेबांची विवरणं सादर करायची जबाबदारी त्याची, आणि जुन्या पक्षांवर चालू असलेल्या दाव्यांत पक्षकारही तोच.

म्हणून :

‘प्रोग्रेसिव्ह कन्झर्व्हेटिव्ह पक्ष अलायन्समध्ये विलीन झाला’ : चूक.
‘अलायन्स कन्झर्व्हेटिव्ह पक्षात विलीन झाला’ : हेही चूक, तो पक्ष तोवर अस्तित्वातच नव्हता.
‘दोन्ही पक्षांचं विलीनीकरण होऊन कन्झर्व्हेटिव्ह पार्टी ऑफ कॅनडा हा नवा पक्ष ७ डिसेंबर २००३ रोजी नोंदला गेला’ : बरोबर.

षष्ठी आणि ‘होऊन’ वापरा, सप्तमी टाळा.

पैलतीर
कायदेकानूंनी सांगितलेली सप्तमी नुसती व्याकरणाची चूक नाही, तिच्यात एक राजकीय बाजूही आहे. पीटर मॅकाय ३१ मे २००३ ला प्रोग्रेसिव्ह कन्झर्व्हेटिव्हांचे नेते झाले ते प्रतिस्पर्धी डेव्हिड ऑर्चर्ड यांच्याशी लेखी करार करून, आणि अलायन्सशी विलीनीकरण करणार नाही हे त्या करारातलं एक कलम होतं. पाच महिन्यांच्या आत, ऑक्टोबरच्या मध्यावर, मॅकाय आणि अलायन्सचे नेते स्टीफन हार्पर यांनी तत्त्वतः करार जाहीर केला. ऑर्चर्ड आणि माजी पंतप्रधान जो क्लार्क यांच्या लेखी हे एक होणं नव्हतं, गिळंकृत होणं होतं. ‘अलायन्समध्ये विलीन’ लिहिलं की लेखक नकळत त्यांच्या बाजूने बोलतो. मूळ लेखक त्या बाजूचा असेल तरच तसं लिहा.

‘विलय’ मी तरी वापरणार नाही. हिंदी बातम्यांमुळे तो आपल्याकडे शिरलाय, पण मराठी कानाला उत्पत्ती-स्थिती-लय यातला लय, म्हणजे शेवटच ऐकू येतो.

शब्दवेल्हाळ
आणि ‘ऐक्य’? ‘युनाइट द राइट’ ही त्यांची घोषणा होती, तिला ‘उजव्यांचं ऐक्य’ म्हणता येईल?

उत्तररंग
घोषणेला म्हणता येईल, कायदेशीर घटनेला नाही. महाराष्ट्रात ‘रिपब्लिकन ऐक्य’ हा शब्द पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येतो. फुटलेल्या गटांनी एका झेंड्याखाली यावं ही कार्यकर्त्यांची आस त्यात आहे, नोंदणी नंतरची गोष्ट. १९९८ च्या लोकसभेत प्रकाश आंबेडकर, रा. सू. गवई, जोगेंद्र कवाडे आणि रामदास आठवले असे चौघे निवडून आले, ते त्या शब्दाचं बळ. कॅनडातही खालून तशीच आस होती, आणि तिचं कारण आकड्यांत दिसतं. १९८८ मध्ये १६९ जागा जिंकणाऱ्या प्रोग्रेसिव्ह कन्झर्व्हेटिव्हांना १९९३ मध्ये फक्त २ मिळाल्या, मतं मात्र १६ टक्के. रिफॉर्मला १८.७ टक्के मतांवर ५२ जागा. सर्वाधिक मतं मिळवणारा एकच उमेदवार जिंकतो अशी पद्धत असली की जे होतं त्याला आपल्याकडे ‘मतविभागणी’ म्हणतात, आणि हा शब्द इथे जसाच्या तसा वापरा. ‘मतं खाणे’ नको, त्यात एकजण खरा आणि दुसरा लुडबुड्या असं गृहीत धरलेलं असतं. सन २००० मध्ये ओंटारिओ प्रांतातल्या १०३ पैकी १०० जागा प्रतिस्पर्धी लिबरल पक्षाने नेल्या, अलायन्सला (आधीच्या रिफॉर्मला) २. तिथे कोण कोणाची मतं खात होतं हे ठरवायचं कोणी?

एक सावधगिरी. ‘ऐक्य’ लिहिताना मतांची बेरीज झाली असं सुचवू नका. २००० मध्ये अलायन्स २५.५ आणि प्रोग्रेसिव्ह कन्झर्व्हेटिव्ह १२.२, मिळून ३७.७ टक्के. जून २००४ मध्ये एकत्रित पक्षाला २९.६. म्हणजे आठ टक्के मतं वाटेतच गळाली. तरी जागा दोघांच्या मिळून ७८ होत्या त्या ९९ झाल्या, कारण मतं कमी असूनही आता ती एकाच नावावर पडत होती. जानेवारी २००६ मध्ये ३६.३ टक्के आणि १२४ जागांवर हार्पर यांचं अल्पमतातलं सरकार आलं.

कायदेकानू
आपल्या वाचकासाठी आणखी एक खुलासा हवाच. भारतात ‘विलीनीकरण’ म्हटलं की संविधानाची दहावी अनुसूची, म्हणजे पक्षांतरबंदी कायदा आठवतो : विधिमंडळ पक्षाचे दोन तृतीयांश सदस्य तयार असले की अपात्रता टळते. गोव्यात जुलै २०१९ मध्ये काँग्रेसच्या १५ पैकी १० आमदारांनी आणि सप्टेंबर २०२२ मध्ये ११ पैकी ८ जणांनी हाच रस्ता धरला. त्यामुळे मराठी वाचक या शब्दाबरोबर लगेच आमदार मोजायला लागतो.

कॅनडात पक्षांतरबंदीचा असा कायदाच नाही. तिथे मोजले गेले ते पक्षाचे लोक, तेही दोन वेगवेगळ्या रीतींनी, आणि हा फरक भाषांतरात हमखास पुसला जातो. अलायन्समध्ये ५ डिसेंबरला लागलेला निकाल *सभासदांच्या* मतांचा होता : ९५.९ टक्के बाजूने. प्रोग्रेसिव्ह कन्झर्व्हेटिव्हांमध्ये ६ डिसेंबरला मत दिलं ते *प्रतिनिधींनी* : ९०.४ टक्के. दोन्हीकडे ‘कार्यकर्त्यांनी कौल दिला’ असं लिहिलं की माहिती हरवते. या मंजुरीला ‘अनुसमर्थन’ म्हणा किंवा साधं ‘शिक्कामोर्तब’. खासदारांची संख्या कुठेच आड आली नाही. प्रोग्रेसिव्ह कन्झर्व्हेटिव्ह खासदार स्कॉट ब्रायसन त्याच आठवड्यात लिबरलांकडे गेले, त्यांचं पद राहिलं. जो क्लार्क जुन्या पक्षाच्या नावाने सभागृहात बसत राहिले.

पैलतीर
मॅकाय-हार्पर करारातली कळीची अट नव्या पक्षाच्या नेतानिवडीची होती. अलायन्सला एक सभासद एक मत हवं होतं. पण त्यांचे सभासद पश्चिमेत दाटलेले, म्हणून प्रोग्रेसिव्ह कन्झर्व्हेटिव्हांनी प्रत्येक मतदारसंघाला सारखे १०० गुण हा आग्रह धरला आणि हार्पर यांनी तो मान्य केला. ३०८ मतदारसंघ, एकूण ३०,८०० गुण. मतदारसंघात सभासद ५० असोत की ५,०००, गुण शंभरच, ते मतांच्या प्रमाणात उमेदवारांना वाटले जातात. म्हणून नेतानिवडीच्या २० मार्च २००४ च्या निकालाबद्दल लिहिताना ‘हार्पर यांना ५६ टक्के मतं’ असं नको, ‘५६ टक्के गुण’ हवं.

शब्दवेल्हाळ
अल्बर्टा प्रांतातल्या वाइल्डरोज आणि प्रोग्रेसिव्ह कन्झर्व्हेटिव्ह या पक्षांनाही ‘विलीनीकरण होऊन नवा पक्ष’ हेच सूत्र लावू?

कायदेकानू
नाही, तिथे तारखेवर नजर ठेवा. २२ जुलै २०१७ ला दोन्हीकडे सुमारे ९५ टक्क्यांनी होकार मिळाला आणि युनायटेड कन्झर्व्हेटिव्ह पार्टी निघाली. पण विलीनीकरणाची तरतूद संघराज्याच्या कायद्यात आहे, अल्बर्टाच्या कायद्यात ती तेव्हा नव्हती. जुन्या पक्षांचे पैसे नव्याकडे वळवता येईनात, म्हणून ते दोन्ही पक्ष कागदोपत्री जिवंत ठेवावे लागले. कायदा बदलल्यावर फेब्रुवारी २०२० मध्ये विलीनीकरण पूर्ण झालं. तोवर नव्या पक्षाने एप्रिल २०१९ मध्ये ८७ पैकी ६३ जागा जिंकून सरकारही बनवलं होतं. २०१७ साठी ‘एकत्र येऊन नवा पक्ष काढला’ लिहा, ‘विलीनीकरण’ २०२० साठी राखून ठेवा.

उत्तररंग
आणि ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या २०२४ च्या घटनेला तर यातला कुठलाच शब्द नको. २८ ऑगस्टला तिथल्या बीसी युनायटेड पक्षाचे नेते केव्हिन फाल्कन यांनी प्रचार थांबवून प्रांतातल्याच कन्झर्व्हेटिव्ह पक्षाला पाठिंबा दिला. बीसी युनायटेडची नोंदणी कायम राहिली, नवा पक्ष झाला नाही, जागावाटपाची युतीही नव्हती. ‘निवडणुकीतून माघार घेऊन पाठिंबा दिला’, एवढंच लिहा.