अनुभव धागा: नाटकाने तुमचं मत बदललं, की तुमचंच मत तुम्हाला दाखवलं?

नाटक समाजाला बदलतं की फक्त समाज दाखवतं, या वादात दोन्ही बाजूंना पुरावे सापडतात. १९१० साली लंडनमध्ये इंग्लिश नाटककार गॉल्सवर्दींचं 'जस्टिस' आलं. त्यातला एकांतकोठडीचा प्रसंग गाजला आणि गृहमंत्री चर्चिल यांनी एकांतवासाची मुदत कमी केली. उलट १८७९च्या 'अ डॉल्स हाउस'मधली नोरा घर सोडून जाते, हे जर्मनीतल्या एका अभिनेत्रीला मान्य झालं नाही, म्हणून नाटककार इब्सेनना तिथल्या प्रयोगांसाठी शेवट बदलून द्यावा लागला. तिथे समाजानेच नाटकाला वळवलं. पण पुस्तकी दाखले पुरेत. तुम्ही खुर्चीत, तालमीत, विंगेत काय अनुभवलंत ते लिहा.

अभिनेत्री: एका विनोदी नाटकात नवरा चारचौघांत बायकोच्या अकलेवर बोलतो. त्या वाक्याला हमखास हशा यायचा, मी तो गृहीत धरून पुढचं वाक्य उशिरा घ्यायचे. बऱ्याच वर्षांनी तेच नाटक पुन्हा केलं. संहिता तीच, माझा नवरा झालेला नटही तोच. हशा मात्र अर्ध्यातच तुटला. पुढच्या रांगांत काही जण हसले, बाजूला बघितलं आणि थांबले. लोकांचं मत नाटकाबाहेर बदललं होतं, हे मला मान्य आहे. पण शेजारचाही हसत नाहीये, हे त्यांना त्या अंधारातच कळलं ना? घरी एकट्याने वाचताना ते कळत नाही. मला नाटकाचं काम इथेच दिसतं. त्या वाक्यानंतर मी आता थांबत नाही.

नियमित प्रेक्षक: माझं मत एकाही नाटकाने बदललेलं नाही. विषय पटणारा असेल तरच मी तिकीट काढतो. आजूबाजूचे बहुतेक तसेच असतात.

पथनाट्य करणारी: आमच्याकडे तिकीटच नसतं, त्यामुळे न पटणारेही थांबतात. आम्ही ब्राझीलच्या ऑगुस्टो बोआल यांच्या पद्धतीने करतो: अन्यायाचा प्रसंग एकदा पूर्ण दाखवायचा, मग पुन्हा सुरू करायचा आणि प्रेक्षकाने 'थांबा' म्हणून पात्राच्या जागी यायचं. एकदा एक बाई आल्या. दारू पिऊन आलेल्या नवऱ्यासमोर आमची नटी रडायची. या बाई रडल्या नाहीत. "पगार माझ्या हातात दे, मग बोल," एवढंच म्हणाल्या. गर्दीतल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. मत त्यांच्याकडे आधीपासून होतं. ते मोठ्याने, सगळ्यांदेखत म्हणायची तालीम तिथे झाली.

इतिहास वाचणारा: खाडिलकरांचं 'कीचकवध' १९०७चं. कथा महाभारतातली, पण प्रेक्षकांना कीचकात आधीचा व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन दिसला. हा राग खाडिलकरांनी निर्माण केला नव्हता, तो घेऊनच लोक आत येत होते. तरीही १९१० साली सरकारने नाटकावर बंदी घातली. रागावलेली माणसं एका छताखाली एकमेकांना ओळखू लागली की सत्तेला धास्ती वाटणारच.

पडद्यामागचा कामगार: सगळे चांगल्या परिणामांबद्दल लिहीत आहेत. माझा भाऊ अडखळत बोलतो. एका नाटकात निव्वळ हशासाठी तसं पात्र होतं. ते पाहून आलेली ओळखीची मुलं त्याच्यासमोर त्या नटाची नक्कल करायची. त्याआधी चिडवणारे नव्हते असं नाही, पण आता त्यांना एक तयार वाक्य मिळालं होतं. ग्रीक नाटककार ॲरिस्टोफेनिसने इसवी सन पूर्व ४२३ मध्ये सॉक्रेटिसची रंगमंचावर टर उडवली. प्लेटोने लिहिलंय, की पुढे खटल्यात सॉक्रेटिसने त्या नाटकाचा उल्लेख केला. 'आम्ही फक्त समाज दाखवतो' असं म्हणणाऱ्या लेखकाने निदान त्या पात्राला नक्कल करता येणार नाही असं एक तरी वाक्य द्यावं.

अभिनेत्री: आमच्या नव्या नाटकात असंच एक पात्र आहे. तालमी सुरू आहेत. तुमचं हे लिखाण दिग्दर्शकांना आणि लेखकाला आजच वाचायला देते.