मदत हवी आहे : शोकाच्या पदाची चाल, अंतऱ्यात गळा दाटतो

आईच्या मृत्यूवरचं मराठी पद आहे. राग जोगिया, ताल दीपचंदी (14 मात्रा), पट्टी म्हणजे गाण्याचा आधार ‘सा’ काळी दोन. फोंड्यातल्या एका देवळाच्या सभामंडपात, माइकशिवाय गायचं आहे.

कोमल रिषभ-धैवतावर आंदोलन (सुराचा संथ हेलकावा) घेतलं की भैरव राग डोकावतो, उतरताना निषाद टाळला तर गुणकली होते. तेवढं सांभाळता येतं. खरी अडचण अंतऱ्यात, म्हणजे पदाच्या वर चढणाऱ्या दुसऱ्या भागात. ‘आई’ हा शब्द तार षड्जावर (वरच्या ‘सा’वर) पडतो, तिथे गायकाचा गळा दाटतो आणि सूर उतरतो. पट्टी काळी एकवर आणली तर मुखड्यातला (पदाच्या पहिल्या ओळीतला) मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातला, धैवत ऐकूच जात नाही.

तो शब्द मध्यमावर, म्हणजे वादी (रागाच्या मुख्य) स्वरावरच आणावा आणि तार षड्जावर नुसता ‘आ’कार ठेवावा, असं वाटतं. सम (तालाची पहिली मात्रा) मग कुठे पाडावी?

दुसरं, पेटी ओळीमागे वाजली की धैवत-मध्यमाची मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड सरकणं) तुटते. पेटीने फक्त षड्ज-मध्यम धरावेत, की व्हायोलिन घ्यावं? घुमट हे मातीचं तालवाद्यही सुचवलं गेलंय, पण त्याने आरतीचा रंग चढेल. जोगियात पदं बसवलेल्यांनी कृपया सांगावं.