श्रमदानाच्या पलीकडे

नोकरीत अर्थ सापडत नसेल तर सुट्टीच्या दिवशी वृक्षारोपणासारखे श्रमदान करावे, ही नेहमी ऐकू येणारी सूचना चांगली असली तरी अपुरी वाटते, कारण तिच्यात वर्षानुवर्षे कमावलेले व्यावसायिक कौशल्य घरीच राहते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन गडचिरोलीत गेले, तेव्हा त्यांनी रुग्ण तपासण्यावरच न थांबता संशोधनाची शिस्तही सोबत नेली. ३९ गावांत प्रशिक्षित आरोग्यदूतांनी घरी जाऊन नवजात बालकांची काळजी घ्यायची आणि तेथील मृत्युदराची इतर ४७ गावांशी तुलना करायची, अशी त्यांच्या प्रयोगाची रचना होती. तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्युदरात तुलनेने ६२ टक्के घट झाली, १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने निष्कर्ष छापले आणि पुढे आशा कार्यकर्तींमार्फत ही पद्धत देशभर पोहोचली. इतके काटेकोर मोजमाप नसते, तर गडचिरोलीबाहेर या प्रयोगाची दखल घेतली गेली असती असे मला वाटत नाही.

अर्थात प्रत्येकाने गडचिरोली गाठावी असे नाही (तसा आग्रह धरणारे स्वतः क्वचितच जातात). लहान विश्वस्त संस्थांची लेखापरीक्षण, धर्मादाय आयुक्तांकडे द्यायची हिशेबपत्रके आणि देणगीदारांना करसवलत मिळवून देणाऱ्या ‘८०जी’ नोंदणीचे नूतनीकरण यांतच दमछाक होते. तेथे सनदी लेखापालाने महिन्यातली एक संध्याकाळ दिली तरी पुष्कळ. मात्र संस्थेची गरज आधी विचारावी, कारण अभियंत्याने हौसेने बनवलेले ॲप तो निघून गेल्यावर सांभाळणार कोण, हा प्रश्न संस्थेच्याच गळ्यात पडतो.