शहर, उपनगर आणि खेडे : लहान मुलांसाठी नेमके शब्द कोणते?

प्रश्न : मी ठाण्यातील एका प्राथमिक शाळेत दुसरीच्या वर्गाला शिकवते. शहरी, उपनगरी आणि ग्रामीण लोकजीवन मुलांना समजावून द्यायचे आहे. आमच्याकडील चित्रसंचात उंच इमारतींखाली ‘शहर’, पुढे हिरवळ व दारात मोटार असलेल्या उतरत्या छपराच्या एकट्या घराखाली ‘उपनगर’ आणि शेत, बैल व विहीर यांखाली ‘गाव’ असे छापले आहे. घोडबंदर रस्त्यावरच्या उंच इमारतींत राहणारी मुले मधले चित्र पाहून ‘बाई, असं घर आपल्याकडे कुठे आहे?’ असे विचारतात, आणि ‘गाव’ म्हणताच ‘माझं गाव कोल्हापूर’, ‘माझं गाव सातारा’ अशी उत्तरे येऊ लागतात. हे शब्द बदलावेत का? बदलायचे झाल्यास कोणते घ्यावेत?

प्रतिसाद : ताई, मुलांची उत्तरे बरोबर आहेत, अडचण संचातल्या शब्दांत आहे. मराठीत ‘गाव’ हा शब्द वस्तीचा आकार सांगतोच असे नाही, पुष्कळदा तो माणसाचे मूळ सांगतो. ‘तुमचे गाव कोणते?’ या प्रश्नाला महानगरपालिका असलेले कोल्हापूर हे जितके बिनचूक उत्तर आहे, तितकीच पन्नास उंबऱ्यांची एखादी वाडीही. ‘परगावी जाणे’ म्हणजे खेड्यात जाणे नव्हे. पुण्याची जुनी मंडळी तर पेठांत जायचे असले की ‘गावात जाऊन येतो’ असे म्हणत आली आहेत, म्हणजे तेथे गाव हा शहराचाच गाभा ठरतो. आपल्या ठाण्यातही गावदेवी मैदान भर शहरात, स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. म्हणून शहराच्या समोर ‘गाव’ न ठेवता ‘खेडे’ ठेवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘खेडवळ’ या विशेषणामुळे ‘खेडे’ शब्दाला कमीपणाची छटा येते, अशी शंका काहींना वाटेल. परंतु शिक्षिकेने तो आदराने उच्चारला, तर सात वर्षांच्या मुलाच्या कानाला ती छटा लागत नाही.

‘उपनगर’ या शब्दाकडे अधिक लक्ष द्यायला हवे. वर्तकनगर, सावरकरनगर अशा ठिकाणी राहणाऱ्या मुलाला ‘नगर’ म्हणजे आपली वसाहत असेच वाटते, आणि मग ‘उपनगर’ म्हणजे तिच्याहूनही लहान काहीतरी, अशी त्याची समजूत होते. येथे ‘उपनदी’ हा शब्द फार उपयोगी पडेल. काळू ही उल्हास नदीची उपनदी आहे, ती लहान आहे म्हणून नव्हे, तर तिचे पाणी उल्हासला जाऊन मिळते म्हणून. उपनगरातली माणसेही तशीच रोज सकाळी कामासाठी मोठ्या शहराकडे जातात आणि संध्याकाळी परततात. म्हणजे उपनगर हे घराच्या आकारावरून किंवा अंगणावरून ओळखायचे नसून त्याचे दुसऱ्या शहराशी असलेले नाते पाहून ओळखायचे असते. हिरवळीचे घर हे परदेशातील उपनगराचे चित्र आहे. ते खोटे नाही, पण आपल्याकडचे नव्हे.

कागदोपत्री व्यवहार वेगळा आहे, हे आपल्याला ठाऊक असावे. 1990 मध्ये झालेला मुंबई उपनगर जिल्हा मुलुंडला संपतो. त्यापुढच्या ठाण्याची स्वतंत्र महानगरपालिका 1982 पासूनची आहे. तरीही उपनगरी रेल्वे ठाण्यावरून थेट कसारा आणि कर्जतपर्यंत जाते. शिवाय कल्याण-बदलापूरहून ठाण्यात कामाला येणाऱ्यांची संख्याही मोठी आहे. तेव्हा मुंबईकडून पाहिले तर ठाणे उपनगर आणि शहापूरकडून पाहिले तर शहर, असे मुलांना मोकळेपणाने सांगावे. एकाच ठिकाणाला दोन्ही शब्द लागू शकतात, हे दुसरीच्या मुलांना नक्की समजते.

पुरवणी, नवी मुंबईहून : वरील विवेचनाशी मी सहमत आहे, मात्र आमच्याकडे ‘उपनगर’ हा शब्द जपून वापरावा लागतो. 1970 मध्ये सिडको स्थापन झाली, ती मुंबईवरचा भार हलका करणारे स्वतंत्र शहर वसवण्यासाठी. त्यामुळे वाशी-नेरूळला मुंबईचे उपनगर म्हटले की येथील रहिवाशांना ते पटत नाही. ‘गाव’ शब्दाचा तर येथे तिसराच अर्थ आहे. दिवाळे, करावे, सारसोळे ही गावठाणे महानगरपालिकेच्या हद्दीत आहेत, दारात घंटागाडी येते, पलीकडच्या रस्त्यावर सेक्टरचा फलक दिसतो; तरीही तेथील आगरी-कोळी कुटुंबे ‘आम्ही गावात राहतो’ असे अभिमानाने सांगतात. त्यांच्या बोलण्यात गावाची जोडी शहराशी नसून सेक्टरशी असते. दिवाळ्याच्या मुलाने खाडीकाठी होडी आणि जाळी पाहिलेली असते. त्याला बैलाचे चित्र दाखवून ‘हे गाव’ असे सांगितले, तर त्याचे स्वतःचे गाव त्या व्याख्येतून वगळले जाते.

प्रश्नकर्तीचा पुढचा प्रश्न : मग ‘निमशहरी’ हा शब्द ‘उपनगरी’च्या ऐवजी घेता येईल का? आणि ‘लोकजीवन’ या शब्दापेक्षा सोपा, सर्वांना सामावून घेणारा शब्द कोणता?

प्रतिसाद : ‘निमशहरी’ घेऊ नये. तो शब्द आकार सांगतो, नाते नव्हे. रिझर्व्ह बँकेच्या वर्गवारीत दहा हजार ते एक लाख लोकवस्तीचे ठिकाण निमशहरी ठरते. मुरबाडसारखे तालुक्याचे ठिकाण त्या शब्दाला शोभेल, मुलुंड नाही.

दुसऱ्या शब्दाबाबत बोलायचे, तर ‘समुदाय’ जड आहे, ‘समाज’ म्हटले की घरोघरी जातीचा अर्थ घेतला जातो, आणि ‘वस्ती’ शब्दाला मुंबई-ठाण्यात झोपडपट्टीचा वास येतो, जरी देशावर तोच शब्द शेतातल्या घरांसाठी सहज वापरतात. मी ‘परिसर’ सुचवेन. पुढच्याच वर्षी तिसरीत मुलांना ‘परिसर अभ्यास’ हा विषय येणार आहे, त्यामुळे शब्द आधीच ओळखीचा होईल. फळ्यावर ‘आपला परिसर’ असे लिहून खाली शहर, उपनगर आणि खेडे हे तीन शब्द घ्यावेत, आणि प्रत्येकाखाली मुलांकडूनच तीन प्रश्नांची उत्तरे भरून घ्यावीत : घरातली मोठी माणसे कामाला कुठे जातात, नळाला पाणी कोण सोडते, आणि भाजी कुठे पिकते.