चार नगरसेवकांचा प्रभाग : निवडणूक महापालिकेची की विधानसभेची?

बिबवेवाडीकर
पुणे महापालिकेच्या जागा १६५ आणि प्रभाग फक्त ४१. चाळीस प्रभागांत प्रत्येकी चार नगरसेवक, एकात पाच. शहरात विधानसभेचे मतदारसंघ आठ, म्हणजे एका आमदाराच्या हद्दीत साधारण पाच प्रभाग. २०११ च्या जनगणनेने धरलं तरी चार जणांच्या प्रभागाची लोकसंख्या ८४ हजारांच्या घरात जाते. आणि २०११ नंतर आंबेगाव, बाणेर, वाघोलीकडे किती वस्ती वाढली ते तिथे राहणाऱ्यांना चांगलं माहीत आहे.

एवढ्या मोठ्या प्रभागात गल्लीबोळातून काम करून वर आलेल्या माणसाचा निभाव लागत नाही. इतक्या घरांपर्यंत पोचायला बूथनिहाय माणसं, गाड्या, पैसा लागतो. ही यंत्रणा विधानसभेसाठी उभी केलेली असते आणि ती आमदाराच्या हाताखाली असते. मग पॅनेलमध्ये, म्हणजे पक्षाच्या चार उमेदवारांच्या संचात, कोण, हे तोच ठरवतो. निवडून आलेला नगरसेवक पुढची पाच वर्षं कुणाचं तोंड बघणार, हे तिथेच नक्की होतं.

बरं, ही पद्धत ठरवली कुणी? २००२ ला तीन सदस्यांचा प्रभाग, २००७ ला एक, २०१२ ला दोन, २०१७ ला चार. डिसेंबर २०१९ मध्ये पुन्हा एकाचा कायदा, २०२१ मध्ये तीन, २०२२ मध्ये सरकार बदललं आणि परत चार. यातला एकही बदल मतदारांनी मागितला नव्हता. त्यावर कडी म्हणजे प्रभाग आखण्याचे अधिकारही मार्च २०२२ मध्ये विधिमंडळाने कायदा करून राज्य निवडणूक आयोगाकडून सरकारकडे घेतले. ज्या आमदारांना प्रभागाच्या आकाराचा फायदा-तोटा होतो, त्यांनीच आकार ठरवायचा, हे मला साफ नामंजूर आहे.

माझी मागणी दोन ओळींची आहे. सगळ्या महापालिकांना एकसदस्यीय प्रभाग द्या आणि आखणी आयोगाकडे परत द्या. मुंबईत २२७ प्रभागांतून एकेकच नगरसेवक येतो, मग पुण्याला काय अडचण आहे?

मुलुंडकर
मुंबईचं नाव काढलंत म्हणून लिहितो. इथे ३६ आमदार आणि २२७ प्रभाग, म्हणजे एका आमदारामागे सहाच्या थोडे वर. नगरसेवक एकटा असला तरी उमेदवारी ठरताना आमदाराचं वजन पडतंच. तेव्हा प्रभाग लहान केला की आमदाराची पकड सुटेल, ही आशा फोल आहे.

उलट लहान प्रभागात आखणीचा खेळ जास्त चालतो. काही शे मतांनी निकाल लागतो. दोन चाळी आणि एक सोसायटी रस्त्यापलीकडच्या प्रभागात ढकलली की वर्षानुवर्षं काम केलेला नगरसेवक घरी बसतो. इथे २०२१ मध्ये २२७ चे २३६ करायचं ठरलं, हद्दी नव्याने आखल्या, मग २०२२ मध्ये परत २२७. तेवढ्यात कितीतरी इच्छुकांची गणितं कोलमडली. ८४ हजारांच्या प्रभागात दोन चाळी इकडच्या तिकडे गेल्याने एवढा फरक पडत नाही.

बिबवेवाडीकर
मुलुंडकर, आखणीचे नियम आहेतच की. सुरुवात उत्तरेकडून करायची, नागमोडी जात दक्षिणेला संपवायची. सरासरी लोकसंख्येच्या दहा टक्के वर-खाली, त्यापलीकडे नाही. जनगणनेचा प्रगणक गट, म्हणजे मोजणीसाठी पाडलेला घरांचा लहान गट, फोडायचा नाही. नदी, रेल्वे, मोठे रस्ते या हद्दी मानायच्या. नियम चांगले आहेत, म्हणूनच ते राबवणारा तटस्थ हवा. तुम्ही सांगता तो धोका आखणाऱ्याच्या हेतूतून येतो. त्यावर उपाय म्हणून प्रभाग फुगवायचा हे मला पटत नाही.

नागपूरची लेक
तुमच्या चर्चेत बायका कुठे आहेत? महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या जागा महिलांना आहेत. एकसदस्यीय प्रभागात याचा अर्थ असा होतो की एखादा प्रभाग सोडतीत महिलेसाठी राखीव होतो, एक बाई निवडून येते, पाच वर्षं जीव तोडून काम करते. पुढच्या सोडतीत प्रभाग खुला झाला की तिचं तिकीट तिच्या नवऱ्याला नाहीतर दिराला जातं. खुल्या जागेवर बाईला उभं करणारे पक्ष किती आहेत ते बघा.

चारच्या प्रभागात दोन जागा महिलांच्या असतात आणि पुढच्या खेपेलाही तिथे महिलांच्या जागा राहतातच. तिने बांधलेला मतदार तिच्याकडे टिकतो. नागपुरात १५१ जागा आणि ३८ प्रभाग आहेत, त्यातल्या प्रत्येकात बाईला दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा लढायची संधी आहे. हे एकसदस्यीयवाल्यांनी कधी मोजलंच नाही.

पेठेतला कार्यकर्ता
ताई, तुमचा मुद्दा मोलाचा आहे, पण पॅनेलमध्ये काय घडतं तेही सांगतो. अ, ब, क, ड अशा चार जागा आणि मतदाराला प्रत्येक जागेसाठी एक अशी चार मतं. पॅनेलचा प्रमुख बहुतेक वेळा खुल्या जागेवर असतो. खर्च तो करतो, कार्यालय त्याचं, फ्लेक्सवर सगळ्यात मोठा फोटो त्याचा. दोन्ही महिला उमेदवार त्याच्या सोयीने निवडल्या जातात. निवडून आल्यावर ड्रेनेज तुंबल्याची तक्रार घेऊन गेलं तर ‘अ’ म्हणतो ‘क’ कडे जा, ‘क’ म्हणते साहेबांना विचारते. चौघंही एकाच भागाचे, मग जाब कुणाला विचारायचा? कायद्यात क्षेत्रसभेची, म्हणजे त्या भागातल्या मतदारांच्या सभेची तरतूद आहे, तीही कागदावरच आहे.

आणखी एक. मतदारयादी. राज्य निवडणूक आयोग स्वतःची यादी बनवत नाही, विधानसभेचीच यादी घेऊन प्रभागानुसार फोडतो. फोडताना हद्दीवरच्या इमारतींची हमखास गडबड होते. आमच्याच वाड्यातली निम्मी नावं शेजारच्या प्रभागात गेली होती, हरकत घेऊन ती परत आणावी लागली. विधानसभेची छाया तिथपासूनच सुरू होते.

कराडकर
शहरवाल्यांनो, जरा गावाकडेही बघा. जिल्हा परिषदेत एका गटातून, म्हणजे तिथल्या प्रभागातून, एकच सदस्य येतो. त्या गटाचे दोन गण, आणि प्रत्येक गणातून पंचायत समितीचा एक सदस्य. म्हणजे बिबवेवाडीकरांना हवी ती पद्धत आमच्याकडे कायम आहे. आमदाराचा हात सुटला का? अजिबात नाही.

कारण गट तालुक्याच्या आत बसवावा लागतो, विधानसभेच्या हद्दीला तालुक्याचं बंधन नाही. आमचा कराड तालुका उत्तर आणि दक्षिण अशा दोन मतदारसंघांत वाटला गेलाय. पंचायत समिती मात्र एक. सभापती कुणाच्या बाजूचा, यावर दोन्हीकडची ताकद पणाला लागते आणि गणातला उमेदवार पंचायत समितीसाठी कमी, पुढच्या विधानसभेच्या बेरजेसाठी जास्त निवडला जातो. बीड जिल्ह्यात याच्या नेमकं उलट आहे. आष्टी मतदारसंघात आष्टी, पाटोदा, शिरूर कासार अशा तीन तालुक्यांतली गावं येतात. तीन पंचायत समित्या, आमदार एक. तिथे एका माणसाच्या मर्जीवर तिन्हीकडचं राजकारण फिरू शकतं.

तेव्हा सदस्य एक की चार, यापेक्षा विधानसभेची रेघ आणि स्थानिक रेघ एकमेकींना कुठे छेदतात ते आधी तपासा. आखणी लहरीवर बदलायचं दुखणं आम्हालाही आहेच. जिल्हा परिषदेच्या जागा कमीत कमी ५० आणि जास्तीत जास्त ७५ असताना २०२२ मध्ये त्या ५५ ते ८५ केल्या, गट-गण नव्याने पाडले आणि त्याच वर्षी सगळं रद्द झालं.

नागपूरची लेक
पेठेतले दादा, साहेबांना विचारणाऱ्या बायका मीही पाहिल्यात. पण दुसऱ्यांदा निवडून आलेली बाई साहेबांना विचारायचं थांबवते, हेही पाहिलंय. दुसरी संधीच काढून घेतली तर ती तिथवर पोचणार कशी? मधला रस्ता आहे, नगरपरिषदांत तो चालूच आहे. दोन सदस्यांचा प्रभाग, त्यात एक जागा महिलेची. पुण्यात तसं केलं तर ब्याऐंशी-त्र्याऐंशी प्रभाग होतील आणि प्रत्येकाची लोकसंख्या बेचाळीस हजारांच्या आसपास येईल. तेवढ्यात पायी प्रचार करता येतो.

बिबवेवाडीकर
दोनला माझी तयारी आहे, एका अटीवर. आकडा एकदा कायद्यात घातला की तो निदान तीन निवडणुका हलवायचा नाही, आणि आखणी आयोगाकडेच. पुण्यात मार्च २०२२ पासून प्रशासक बसला. निवडणुका मुख्यतः ओबीसी आरक्षणाच्या वादात अडकल्या हे खरं, पण रचना सारखी बदलत राहिल्यानेही घोळ वाढला. मुंबईवाल्यांना दोनचा प्रभाग चालेल का?

मुलुंडकर
नाही चालणार. इथे पक्षांच्या शाखा प्रभागाप्रमाणे बांधल्यात आणि माणूस एकाच नगरसेवकाला ओळखतो. आयोगाच्या मुद्द्यावर मात्र मी तुमच्या बाजूने सही करतो. कराडकरांना विचारा, गट-गणांची आखणीही त्याच मागणीत घालायची का?

कराडकर
घालायलाच हवी. आज आमच्याकडे कच्चा आराखडा जिल्हाधिकारी करतात आणि ते सरकारचेच अधिकारी आहेत. फक्त मागणीत एक वाक्य वाढवा : प्रत्येक गट कोणत्या विधानसभा मतदारसंघात किती गावांनी पडतो, हे आराखड्यासोबतच जाहीर झालं पाहिजे, म्हणजे हरकत घेणाऱ्याला नकाशा हातात धरून बोलता येईल.