कार्लोस क्लायबर यांच्या सिम्फनी : आपल्याला धरून ठेवणारी जागा कोणती?

वाद्यवृंदाचे संचालक कार्लोस क्लायबर (१९३०–२००४) यांनी मोजक्याच सिम्फनी (वाद्यवृंदासाठीच्या, अनेक भागांच्या पाश्चात्त्य रचना) ध्वनिमुद्रित केल्या. पण त्या ऐकलेला माणूस त्यांच्याविषयी बोलू लागला, की लवकर थांबत नाही. त्यांच्या वादनातील नेमक्या कोणत्या जागेपाशी आपण अडलात, हे कृपया लिहावे. 'अप्रतिम' हा शब्द सर्वांच्या वतीने आधीच गृहीत धरला आहे.

*

बेथोवनची पाचवी सिम्फनी मला पाठ आहे, असा माझा समज होता. व्हिएन्ना फिलहार्मोनिक वाद्यवृंदासह १९७४ साली केलेले क्लायबर यांचे ध्वनिमुद्रण स्कोअर (रचनेची छापील स्वरलिपी) समोर ठेवून ऐकले, तेव्हा प्रथमच ध्यानात आले की ती सुरू होते विरामाने. त्या सुप्रसिद्ध चार स्वरांआधी एक रिकामी जागा लिहिलेली आहे, आणि दम रोखून धरलेला वाद्यवृंद त्या रिकाम्या जागेतूनच उसळी घेतो. पुढे याच भागात सारा कल्लोळ अकस्मात थांबतो आणि एकटा ओबो (एक सुषिर वाद्य) काही क्षण संथपणे बोलतो. इतक्या घाईच्या वादनात ती जागा इतकी निवांत कशी राहते, हे कोडे मला अजून सुटलेले नाही.

*

माझी जागा वादाची आहे. बेथोवनच्या सातव्या सिम्फनीच्या दुसऱ्या भागाच्या अखेरीस, छापील स्कोअरप्रमाणे, व्हायोलिनवादकांनी तारा छेडणे सोडून पुन्हा गज लावायचा असतो. क्लायबर मात्र त्यांना शेवटपर्यंत तारा छेडायलाच लावतात. प्रथम मला ती चूकच वाटली. त्यांचे वडील एरिक क्लायबर हेही तसेच करीत, हे कळल्यावर राग निवळला, तरी तो शेवट मला आजही किंचित कोरडा वाटतो.

*

वरील मताशी मी सहमत नाही. तो कोरडेपणाच मला हवासा वाटतो. मी मात्र १९८३ सालच्या ॲम्स्टरडॅम येथील चित्रफितीविषयी लिहितो, ज्यात कॉन्सर्टखेबाऊ वाद्यवृंदासह बेथोवनची चौथी आणि सातवी सिम्फनी आहे. पहिल्या आणि दुसऱ्या व्हायोलिनांचे दोन गट क्लायबर यांनी समोरासमोर बसवले आहेत, त्यामुळे सातवीच्या अखेरच्या भागात एकीकडून फेकलेला तुकडा दुसरीकडून परत येतो आणि आपली मान नकळत इकडून तिकडे फिरते. मधेच ते ताल देणे थांबवतात आणि नुसते ऐकत उभे राहतात. वादक तसूभरही ढळत नाहीत. (हा भाग मी नको तितक्या वेळा पाहिला आहे.)

*

संगीतकार ब्राम्सची चौथी सिम्फनी, क्लायबर यांचे १९८० चे ध्वनिमुद्रण. अखेरच्या भागात आठ मापांचा (तालाच्या आवर्तनांचा) एकच पाया पुन:पुन्हा येतो आणि त्यावर तीस रूपे उभी राहतात, हे पुस्तकात वाचले होते. पण मोजायला बसलो, की बासरी एकटी उरते तेथे, बाराव्या रूपापाशी, माझी मोजणी दर वेळी चुकते.