धरण बांधताना नदी जाते कुठे?

कोरडा पाय
बाळबोध प्रश्न आहे, हसू नका. दुर्गम दरीत मोठं जलविद्युत धरण बांधायला पाच-सात वर्षं जातात. नदी काही तोवर थांबत नाही. मग पाया कोरड्यात खणतात कसा?

बोगदेवाला
बाळबोध कसला, खरी मेख तिथेच आहे. अशा एका आडरानातल्या साइटवर मी चार वर्षं काढली. पहिलं दीड वर्ष नुसता रस्ता आणि बोगदा. काठच्या डोंगरातून बोगदा काढायचा, मग पाणी कमी असताना पात्रात दगडमाती टाकून कॉफर डॅम, म्हणजे तात्पुरता बांध घालायचा. नदी बोगद्यातून वळसा घेऊन खाली पुन्हा पात्राला मिळते. खालच्या अंगालाही एक बांध लागतो, नाहीतर पाणी उलटं आत शिरतं.

पात्र मिटवायचा दिवस विसरणार नाही. फट अरुंद होत गेली तसा पाण्याला जोर चढला. डंपरभर दगड टाकला की गडप! शेवटी तारेच्या जाळीत बांधलेले धोंडे टिकले. पाणी उपसल्यावर तळाला रांजणखळगे निघाले, आत गोट्यांसारखे गुळगुळीत दगड. ते एकेक हाताने काढून खळगे धुतले, मगच काँक्रीट.

अमेरिकेतल्या हूव्हर धरणाला असे ४ बोगदे होते. ब्राझील-पॅराग्वे सीमेवरच्या इताइपू धरणाला मात्र २ किलोमीटरचा कालवाच खोदला आणि १९७८ मध्ये पाराना नदी त्यात सोडली.

शंकासुर
आणि बोगदाच तुंबला तर?

बोगदेवाला
तुंबलाय की. कोलंबियात काउका नदीवर, इतुआंगो प्रकल्प, एप्रिल २०१८. आत दरड कोसळली, भिंत अर्धवट आणि मागे पाणी चढतंय. भिंतीवरून गेलं असतं तर दगडमातीचं धरण वाहूनच जातं. म्हणून पाणी चक्क बांधकाम चालू असलेल्या वीजगृहातून सोडलं. खालच्या हजारो लोकांना घरं सोडावी लागली. पहिली जनित्रं फिरायला २०२२ उजाडलं.

कोरडा पाय
बाप रे. आणि काम संपल्यावर बोगद्याचं काय?

बोगदेवाला
तोंडाशी गेट टाकतात, आत काँक्रीटचं जाड बूच मारतात. हूव्हरचे बाहेरचे दोन मात्र सांडव्याला जोडले. आमच्या बोगद्याला बूच बसलं तेव्हा मी तिथे नव्हतो, त्याआधीच बदली झाली. फोटो तेवढे आले.